आधी पिवळी पडलेली हळद

अनुसयाबाईने दिराच्या, शिवहारच्या हळदीची चौथी सरी कापून संपवली आणि हिरव्या पानांचा भारा ओढ्यात ढकलून दिला. तो दूध घालायला हट्टा गावी गेला होता. रानात चिटपाखरू नव्हतं, तरी तिने दोनदा मागे वळून पाहिलं.

विहीर एक, रान एक, मधे फक्त बांध. पण जानेवारी उजाडला तशी तिच्या वाट्याची हळद पिवळी पडून माना टाकायला लागली आणि शिवहारची मात्र हिरवीगार. त्यात पंधरा दिवसांपासून त्याने तिच्या सऱ्यांचं पाणीच बंद केलेलं! मोटर लागली की पाट थेट त्याच्याकडे. मे महिन्यात नवरा गेला, आता रान जाणार, हे कळायला काही शाळा शिकावी लागत नाही. आधी पीक वाळवायचं, मग 'वैनी, तुमच्यानं होत न्हाई' म्हणत कागदावर अंगठा घ्यायचा. शिवहार तिच्याशी फार गोड बोलायचा. तिला त्या गोडव्याचीच जास्त भीती वाटायची.

ती आपल्या बाजूला येऊन बसते न बसते तोच शिवहार कुदळ घेऊन आला आणि सरळ तिच्याच सरीत शिरला. त्याने एक गड्डा उकरून काढला. तो त्याच्या दोन्ही हातांत मावत नव्हता.

“बघा वैनी, कसा भरलाय.”

“माझं पाणी काहून तोडलं?” तिने विचारलंच.

“पान पिवळं पडाया लागलं की तोडावंच लागतं. शेतकरी मेळाव्यात सायबानं सांगितलं. आपण घातलेला युरिया मुळातून पानात चढतो. पान म्हातारं झालं की त्यातलं नत्र, सत्त्व, समदं विरघळून देठातून खाली गड्ड्यात उतरतं. पान रिकामं झालं म्हणून पिवळं दिसतं.”

“मंग तुमची हिरवी कशी?”

“माझी महिनाभर मागं हाय. दादाचे दिवस झाल्यावर तुमी माहेरी होता. बैलजोडी एकच. आधी तुमची लावली.”

अनुसयाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोवर शिवहार बांध ओलांडून आपल्या हळदीत गेला होता. पलीकडच्या कडेला पोचल्यावर तो थबकला.

“अरारा! हिरवी कापली कुणी? आता खाली काय उतरणार?” त्याने भुंडे देठ हाताने चाचपले. “काल शेजारची चंदाबाई शेळ्यांसाठी बांधावर गवत कापून राहिली होती. तिचंच काम हे. आता गावापुढंच इचारतो तिला.”

तो तरातरा निघाला. गप्प बसली असती तर कुणाला कधीच कळलं नसतं. अनुसयाबाई उठली.

“भावजी, थांबा. चंदाबाई न्हाई. मी कापली.”

शिवहार वळला.

“पाणी तोडून तुमी माझं रान घेऊन राहिलात, असं वाटलं मला.”

तो चार पावलं परत आला.

“कवापासून वाटतं असं?”

कालपासून म्हणावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

“पहिल्यापासून,” ती म्हणाली.