तयार गाठीचा टाय

मित्रांनो, मी एक जुना निळा टाय आहे. पिंपरीच्या बाजारात दुकानदाराने माझी गाठ मारून दिली आणि ती सुटणार नाही याची काळजी संत तुकाराम नगरातल्या विजयश्रीताईंनी वर्षानुवर्षे घेतली. ताई मुलाखतीचा क्लास घेत. हात कसा मिळवायचा, किती हसायचं, सगळं शिकवत. टाय बांधणं तेवढं त्यांना येत नव्हतं. मग काय, सत्काराच्या हारासारखा मी एका गळ्यातून निघून दुसऱ्या गळ्यात पडे. तक्रार नाही. लाजरीबुजरी पोरं माझ्या आधाराने साहेबाचं दार वाजवायला शिकली, हे काय थोडं झालं?

क्लासमधल्या समाधानची ती तिसरी मुलाखत. आधीच्या दोन्ही वेळी तो घाबरून गप्प बसला होता. वडील त्या वर्षी निवृत्त होणार होते आणि घर आता त्याच्याकडे बघत होतं.

चाकणच्या एका कारखान्यात मोनिका मॅडमनी विचारलं, "तुमची कमजोरी काय?"

"काम बिनचूक झाल्याशिवाय मला चैन पडत नाही, मॅडम." क्लासमधलं पाठ उत्तर.

"सकाळपासून सगळ्यांना हीच कमजोरी आहे. साथ आलीय की काय?"

त्याच्या घामाने मी भिजलो. मॅडम उठल्या. "चला, मशिन दाखवते."

लेथ मशिन फिरत होतं. दोन पावलं टाकून समाधान थबकला आणि त्याने मला असं हिसकलं, की माझी जन्माची गाठ सुटली.

"टाय का काढला?"

"भीती वाटते, मॅडम. पप्पांची बाही अशाच मशिनमध्ये अडकली होती. गळ्यात लोंबतं काही असलं की मी मशिनजवळ जात नाही."

"मग मघाशी हे का नाही सांगितलं?"

"क्लासमध्ये ही कमजोरी नव्हती, मॅडम."

मॅडम हसल्या. "इथे घाबरणारा माणूसच दहा बोटं घेऊन घरी जातो. सोमवारी या."

समाधानने हात पुढे केला. अगदी ताईंनी शिकवला होता तसा.

मला असा सुटलेला पाहून ताईंनी कपाळाला हात लावला. "नोकरी लागली ते झकास रे, पण आता गाठ कोण मारणार?"

"शिकू की, ताई!"

आणि खरंच शिकले, ताईसुद्धा. आता प्रत्येक जण मला आपल्या हातांनी बांधतो. गाठ वाकडी येते, कधी माझं शेपूट पुढे लोंबतं. पण आजवर मला नुसते गळेच ठाऊक होते. हात आत्ता भेटले. त्या सगळ्या हातांचे माझ्यावर उपकार आहेत.

मित्रांनो, मला आमटीपासून जपा, इस्त्री बेताची करा आणि मुलाखतीला जरूर न्या. फक्त गाठ तुमची तुम्ही मारा. म्हणजे वेळ आली की सोडताही येते.