एक लाल ठिपका

मुलींच्या स्वच्छतागृहात फ्लशच्या टाकीमागे रोज मूठभर थोटकं सापडायची, आणि प्राचार्यांच्या खोलीतल्या संगणकाच्या पडद्यावर माझा वर्ग हिरवागार दिसायचा. मला दोन्हींची सारखीच किळस यायची.

सिगारेट सुटावी म्हणून प्रत्येकीच्या मोबाईलवर एक ॲप टाकलं होतं. ते रोज सकाळी विचारायचं, 'काल ओढली का?' 'हो' दाबलं की दुपारच्या आत समुपदेशक ताईंचा फोन यायचा. पण त्याचबरोबर पडद्यावर वर्गाच्या रांगेत लाल ठिपकाही उमटायचा. मग काय, सगळ्या पोरी धूर सोडत साळसूदपणे 'नाही' दाबायच्या.

खरं बोलणारी एकटी शिट्टी. आवाज असा चिरका की हेच नाव पडलेलं. तिने अकरा दिवस रोज 'हो' दाबलं.

"दहावरून दोनवर आलेय, मॅडम," ती मला म्हणाली. "त्या ताई नुसतं ऐकून घेतात हो. पण बोलणं झालं की संध्याकाळपर्यंत हात शिवशिवत नाहीत."

शुक्रवारी ॲपचा उपक्रम बघायला पाहुणे येणार होते. गुरुवारी प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं.

"तेवढा एक ठिपका डोळ्यांत खुपतोय. चुकीची नोंद दुरुस्त करता येते ना तुम्हाला?"

"नोंद चुकीची नाहीये, सर."

"अहो, पाहुणे जाऊ देत, मग बघू काय ते."

मी नंदीबैलासारखी मान डोलावली. वर्गशिक्षिकेचा पासवर्ड टाकला. ॲपने कारण विचारलं, मी यादीतलं सगळ्यात सोपं निवडलं: 'विद्यार्थिनी गंमत म्हणून दाबते.' ठिपका गेला, तो दुसऱ्या दिवशीही उमटला नाही. शुक्रवारी टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. स्वतःच्या हातांची शिसारी आली, तरी वाजवत राहिले.

सोमवारी शिट्टी स्वच्छतागृहातून बाहेर आली ती धुराचा भपकारा घेऊनच. तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. समुपदेशक ताईंचा निरोप होता: 'ही सोय गरजूंसाठी आहे. कृपया थट्टा करू नये.'

"तीन दिवस फोनची वाट बघितली, मॅडम. मी कधी केली थट्टा? तुम्ही सांगाल का त्यांना?"

सांगायचं म्हणजे मी काय केलं तेही सांगावं लागणार होतं.

"मशीनची काहीतरी गडबड असेल," मी म्हणाले. "बघते."

मंगळवारी सकाळी शिट्टीने 'नाही' दाबलं. ती नोंद कुणीच मला दुरुस्त करायला सांगितली नाही.