एका केसाइतकं खाली

धाकट्या बाईंनी पत्रातलं तिसरं वाक्य चौथ्यांदा खोडलं. "आमचा निबंध कृपया छापू नये" इथपर्यंत हात चालत होता. "कारण" लिहिलं की अडत होता.

सकाळचे साडेदहा झाले होते. संपादकांना पाचच्या आत कळवायचं होतं. पाचनंतर अंक छापखान्यात जाणार, आणि मग निबंध मागे घ्यायचा तर जाहीर माफी मागून. आत्ता मागे घेतला तर माफी नाही, पण धाकट्या बाईंची दोन वर्षांची मेहनत पाण्यात, आणि वर्षअखेरीला संपणारी नोकरी पुढे चालण्याची आशाही गेली.

प्रयोगशाळेत बाई दोनच. विभागप्रमुख त्या मोठ्या, म्हणून बेचाळिसाव्या वर्षीही या धाकट्याच.

त्यांचा विषय होता मेंदूतल्या पहारेकरी पेशी, मायक्रोग्लिया. या पेशी बसल्या जागेवरून आपले बारीक बारीक हात चहूकडे फिरवत सतत चाचपत असतात. शेजारची एखादी पेशी फाटली की तिच्यातलं एटीपी नावाचं रसायन बाहेर सांडतं. त्याचा सुगावा लागला की पहारेकरी सगळे हात त्या दिशेला लांबवतात आणि जखमेला घेराव घालतात. किती थोडं एटीपी त्यांना कळतं, हे धाकट्या बाईंनी मोजलं होतं. उंदराच्या मेंदूचा पातळ काप घ्यायचा, काचेच्या नळीचं टोक त्याच्या अगदी जवळ आणायचं, कणभर एटीपी सोडायचं आणि सूक्ष्मदर्शकातून बघत राहायचं. पडताळा म्हणून दुसऱ्या नळीतून नुसतं मिठाचं पाणी. पाण्याला पेशी ढिम्म हलत नसत. सगळा निबंध त्या ढिम्मपणावर उभा होता.

निबंध स्वीकारला गेला आणि संपादकांनी मुखपृष्ठासाठी एक देखणं चित्र मागितलं. धाकट्या बाई हौसेनं पुन्हा प्रयोगाला बसल्या, आणि पाण्यालाही पेशी धावल्या. आठ दिवस, अकरा काप, अकराही वेळा. पाणी बदललं, भांडी बदलली, उंदीरसुद्धा बदलले.

काल मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "पाण्यालाही धावत असतील तर एटीपीला धावतात हे सांगण्यात काय अर्थ? पत्र तुम्ही लिहा. सही मी करीन."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

आता पाचव्यांदा त्यांनी लिहिलं, "कारण मिठाच्या पाण्यालाही पेशी प्रतिसाद देतात असे आढळले आहे." वाचलं, आणि पेन थांबलं. असं आढळलं होतं का? आढळलं होतं एवढंच, की पाण्याची नळी खाली आणली की पेशी धावतात. पाण्याला धावतात की नळीला, हे कुठे बघितलं होतं? मोठ्या बाईंची सही व्हायची तर वाक्य खरं हवं.

त्या उठल्या. नवा काप मांडला, नळी बसवली, खोली अंधारी केली आणि नळीची तोटी बंदच ठेवली. मग चाकी फिरवून नळी नेहमीच्या आकड्यावर आणली. पडद्यावर पेशी हिरव्या चमकत होत्या. काच त्या अंधारात दिसत नसे. टोक किती खाली आहे ते चाकीवरच्या आकड्यावरून ओळखायचं. दोन वर्षं तोच आकडा होता.

थेंबसुद्धा सुटला नाही. सातव्या मिनिटाला हिरवे हात एका काळ्या ठिपक्याकडे वळले. पंधराव्या मिनिटाला त्याच्याभोवती कडं झालं.

धाकट्या बाई पडद्याकडे झुकल्या. तिथे जखम होती. टोक कापात घुसत होतं, पेशी फाटत होत्या, त्यांचं एटीपी सांडत होतं आणि पहारेकरी इमानेइतबारे धावत होते.

त्या जिना उतरून काचकामाच्या खोलीत गेल्या. तिथे अण्णा बसत. काचेची नळी तापवून, ताणून तिचं टोक काढायचं हे त्यांचं एकवीस वर्षांचं काम, आणि टोकं त्यांना पोटच्या पोरींसारखी.

"अण्णा, नळ्यांत काही बदल केलाय का?"

"या! आज आठवण झाली वाटतं." अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बदल म्हणजे काय, यंत्राची तापायची तार नवी घातली. टोक बघा कसं येतंय. लांब, बारीक, नाकीडोळी नीटस."

"लांब?"

"थोडं. केसभर."

"अण्णा, मला सांगायचं नाही का!"

"सांगितलं की. तुमच्या दारात उभं राहून सांगितलं. तुम्ही पडद्यावरून मानही न वळवता 'वा, छान' म्हणालात. मी म्हटलं, चला, कौतुक झालं." मग त्यांनी नळ्यांचा डबा पुढे सरकवला. झाकणावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'नवी तार. टोक लांब आहे.' "हेही सांगितल्यातच जमा ना?"

तो डबा धाकट्या बाईंनी आठ दिवसांत निदान वीस वेळा उघडला होता.

"माझं काही चुकलं का, बाई?" अण्णांचा आवाज एकदम उतरला.

"तुमचं नाही. माझे कान काही कामाचे नाहीत आणि डोळेही."

अण्णांनी जुनं आणि नवं टोक भिंगाखाली शेजारी शेजारी धरलं. फरक खरोखरच एका केसाच्या जाडीचा होता. त्यांनी तो मोजून चिठ्ठीवर लिहून दिला.

मोठ्या बाईंनी सगळं उभ्यानंच ऐकून घेतलं. त्या ना आनंदल्या, ना रागावल्या. "नळी तेवढी वर घ्या. पण कशात काय भरलंय ते तुम्हाला कळता कामा नये. तुमचा जीव अडकलाय यात, तुम्हाला हवं तेच दिसेल. नळ्या मी भरते."

"आणि तुमचा जीव नाही अडकलेला?"

"म्हणूनच मी बघणार नाही."

त्यांनी दोन नळ्या भरल्या, एकीवर लाल ठिपका आणि दुसरीवर निळा काढला, खूण कागदावर लिहून कागद घडी करून मुठीत धरला आणि पडद्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

लाल नळी. पाच मिनिटं, दहा, वीस. पेशी आपापल्या जागी निवांत चाचपत होत्या, कुणाला कसली घाई नव्हती.

"लालला काही नाही," धाकट्या बाई म्हणाल्या. 

निळी नळी. दुसऱ्या मिनिटाला एक हात वळला, मग शेजारचा, मग चहूबाजूंनी, आणि पाहता पाहता टोकाभोवती हिरवं कडं उभं राहिलं.

"निळ्याला आल्या. सगळ्या आल्या."

मोठ्या बाईंनी कागद उघडला. लाल पाणी, निळं एटीपी. "अजून दोन काप," त्या म्हणाल्या. दर वेळी त्यांनी खुणा बदलल्या आणि दर वेळी कागद जुळला. चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

तरी त्यांचं समाधान होईना. "निबंधातली मोजमापं कुठल्या नळ्यांवरची?"

"सगळी जुन्या तारेची. नवी घालून तीनच आठवडे झालेत. अण्णांकडे तारीख आहे."

मोठ्या बाईंनी संपादकांना फोन लावला. "निबंध छापा. चित्र उद्या पाठवते," एवढंच म्हणून ठेवला, आणि भिंतीजवळच्या स्टुलावर मटकन बसल्या. "या आठ दिवसांत," त्या म्हणाल्या, "मी माझे सगळे जुने निबंध काढून वाचले. म्हटलं, अजून कुठे कुठे पाणी असेल कोण जाणे." त्या हसत होत्या आणि पदरानं डोळे टिपत होत्या.

धाकट्या बाईंनी पत्राचे तुकडे केले. प्रयोगाच्या वहीत आठ दिवसांच्या नोंदींवर काट मारून खाली कारण लिहिलं, स्वतःचं नाव घालून. मग बाहेर येऊन नवऱ्याला फोन केला.

"अहो, वाचलो आपण!"

पलीकडे भांडी वाजत होती, सासूबाई कुणाला तरी काहीतरी सांगत होत्या.

"वाचलो?" नवरा म्हणाला. "अगं, पण आपण बुडत होतो कधी?"

धाकट्या बाईंना हसू फुटलं. फोन कानाला तसाच धरून त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि पोट दुखेपर्यंत हसल्या. पलीकडून तो "काय झालं, सांग तरी" म्हणत राहिला.