छत्तिसाव्या पानावरची बाई

आमच्या शाळेचा शंभर वर्षांचा इतिहास मी शिवलाय. लिहिला नाही, लिहिणारे वेगळे असतात. मी मिशनच्याच छापखान्यात बाइंडिंग करते. चारशे प्रती या हातांनी शिवल्या, म्हणून त्यात काय नाही ते मला ठाऊक आहे.

मिशनच्या त्या शाळेत सकाळी पोरं शिकायची, संध्याकाळी मोठी माणसं. शाळेच्या पहिल्या मुख्याध्यापक बाईंनी एक नेम घालून दिला होता: ज्याला वाचता येऊ लागलं, त्यानं सकाळच्या प्रार्थनेत सगळ्यांपुढं उभं राहून शास्त्रपाठ वाचायचा. वय सहा असो की साठ. मी सातव्या वर्षी वाचला. आई तेव्हा वसतिगृहाच्या चादरी धूत होती. एकसष्टाव्या वर्षीही धूतच होती, पण त्या वर्षी ती संध्याकाळच्या वर्गात जाऊन बसली. बुटक्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन.

"हसतेस काय? बाक लहान आहे, मी नाही."

आठ महिन्यांत ती एक स्तोत्र वाचू लागली. पाठ म्हणत नव्हती. मधल्याच शब्दावर बोट ठेवून मी खात्री केली होती. तिचा वाचायचा दिवस ठरला तो नेमका शताब्दीचा. तिनं चष्मा करून आणला.

आदल्या दुपारी मुख्याध्यापक धुलाईघराच्या दारात आले. "मावशी, उद्या मोठे पाहुणे आहेत. तुम्ही अडखळलात तर बरं दिसणार नाही. तुमचा पाठ पाहुणेच वाचतील. तुमचं बघू नंतर."

"बरं, साहेब," आई म्हणाली.

बरं! हातातली ओली चादर फेकायची होती तोंडावर.

समारंभात ती शेवटच्या रांगेत स्तोत्रांचं पुस्तक उघडून बसली. पाहुणे वाचत होते, तिचं बोट ओळीवरून सरकत होतं. मध्येच थांबलं.

"दोन ओळी खाल्ल्या की गं यांनी," ती माझ्या कानाशी कुजबुजली.

टाळ्या कडाडल्या. कुणाला काही कळलं नाही. मग इतिहासाच्या प्रती वाटल्या. संध्याकाळचा वर्ग आता बंद होणार, ती खोली कार्यालयाला हवी, हेही तिथंच जाहीर झालं. त्यालाही टाळ्या.

घरी आल्यावर आईनं पुस्तक उघडलं. छत्तिसाव्या पानावर तिचा फोटो होता, त्याच बाकावरचा. खाली एक ओळ. ती ओळ मी शिवताना वाचली होती. चारशे वेळा हाताखालून गेली आणि नोकरीच्या भीतीनं मी तोंड उघडलं नाही. शाळेला शिव्या देते, तर हेही लिहायलाच हवं.

आईनं चष्मा लावला. बोट न ठेवता, मोठ्यानं वाचलं:

"संध्याकाळच्या वर्गातील एक निरक्षर महिला."

माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "अडखळले का गं कुठं?"

"नाही, आई."

तिनं चष्मा काढून डबीत ठेवला. तो पुन्हा बाहेर आला नाही.