खण नंबर सत्तेचाळीस

दर्शक. निर्देशक. स्थानसूचक. पहिला मंजूर, बाकी दोन्हींवर लाल रेघ.

कँटीनचा चहा गार.

खण सत्तेचाळीस: माल नाही. नुसती चिठ्ठी, ‘बासष्ट बघा’.

दोन मार्कांनी.

निगडीची बस गेली.

साल एक्याऐंशी. पिंपरीतल्या एका कारखान्याचा कॉम्प्युटर विभाग. कार्ड पंचिंगच्या बायकांतून एकीला प्रोग्रॅमिंगला घ्यायचं ठरलं, म्हणून तिथल्या प्रोग्रॅमर भीमराजने तीन महिने मराठीतून वर्ग घेतला. सगळ्या अडल्या एकाच जागी. मशीनच्या मेमरीतल्या एका खणात दुसऱ्या खणाचा नुसता नंबर ठेवायचा, इंग्रजीत ‘पॉइंटर’, तो कशाला? ‘दर्शक, दर्शक’ करून भीमराजचा घसा बसला.

शेवटी प्रभावतीच बोलली. ती आधी स्टोअरला होती.

"अहो सर, ही तर आमची चिठ्ठी! बेअरिंग दुसरीकडे हलवलं की जुन्या खणात आम्ही चिठ्ठी टाकायचो. माणूस सवयीने जुन्या खणाशी येतो, चिठ्ठी वाचतो, नीट मालापाशी जातो."

वर्ग पाच मिनिटांत पुढे सरकला. परीक्षेत प्रभावतीने हेच लिहिलं. त्या प्रश्नाला तिला शून्य मिळालं आणि दोन मार्कांनी जागा हुकली.

"यात चूक काय आहे, साहेब?" भीमराजने पेपर टेबलावर आपटला.

"चूक कोण म्हणतंय?" विभागप्रमुख रंगराव चष्मा पुसत होते. "पण ‘दर्शक’ कुठाय? पुण्याहून मंजूर शब्दांची यादी आलीय. तिच्यात चिठ्ठी दाखवा, आत्ता मार्क देतो."

"ज्यांनी व्याख्या घोकली त्यांना विचारा, खणातला नंबर बदलला तर माल हलतो का? एकीला सांगता यायचं नाही!"

"पेपरात विचारलंय का ते? तुम्ही पण ना राव, उगाच डोकं खाता."

भीमराज बाहेर आला. कॅलेंडर, टाइपरायटर, साहेबांचा चष्मा, सगळं उचलून फेकावंसं वाटत होतं.

दाराशी प्रभावती पिशवी घेऊन उभी होती.

"जागा गेली ना?"

"पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी मशीनच बदलणार, तुम्हीच म्हणालात." ती चपला शोधू लागली. "एवढं सांगा सर, यादीत शब्द घालतं कोण?"

भीमराजने खिशातून रुमाल काढला, परत ठेवला.

यादीसाठी पुण्याला ते तीन शब्द फेब्रुवारीत भीमराजनेच पाठवले होते. चिठ्ठी त्यालाही सुचली होती, पण गावठी दिसेल म्हणून त्याने ती लिहिली नाही.