ओसाकाला उसने गेलेले यंत्र

मित्रांनो, मी एक जुने करडे यंत्र आहे. दुकानात तुम्ही मला कधी पाहिले नसेल, कारण मी विकण्यासाठी नव्हतेच. टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांसाठी जे नवे खेळ रचले जात, ते आधी माझ्यावर चालवून पाहत. रचणाऱ्याने खूण केली की मी चालता चालता थांबे आणि तो माझ्या आत डोकावून चूक शोधी. म्हणून सांगतानाही मी मध्येच थांबेन. सवय आहे.

माझ्या कंपनीला सगळे खेळ एकटीने रचता येत नसत. बाहेरच्या छोट्या कंपन्यांकडून ते घ्यावे लागत. ज्याच्याकडे चांगले खेळ, त्याचे यंत्र घरोघरी. म्हणून मला ओसाकातल्या पाच माणसांच्या एका कंपनीत उसने पाठवले. अट एकच होती: त्या खोलीत दुसऱ्या कंपनीचे यंत्र नको.

थांबले.

दुसऱ्याचे यंत्र होते. काळे, माझ्याहून तरुण. आमच्या कंपनीचे कुरामोचीसाहेब पाहणीला गुरुवारी येत, तेव्हा ते गाद्यांच्या कपाटात जाई. मंगळवारी त्यांचे साहेब येत, तेव्हा मी जाई. गाद्या मऊ होत्या. तक्रार नाही.

चालू.

वाकामिया सेत्सुकोबाई तीन वर्षे माझ्यावर एक खेळ रचत होत्या. दीपगृहात राहणाऱ्या मुलीचा. माझे खेळ यंत्रात खोचायच्या डबीत भरत. खेळातले दार उघडले की पुढची खोली लगेच दिसे. काळ्याचे खेळ तबकडीवर, तिथे प्रत्येक दाराशी थांबावे लागे. पण तबकड्या आठवड्यात हव्या तितक्या निघत. डब्या फक्त आमच्या कारखान्यात होत, आणि त्यासाठी महिनोन् महिने रांग असे.

"माझ्या मुलीला दाराशी ताटकळत ठेवायचं?" सेत्सुकोबाई म्हणत.

"दुकानात न पोचणाऱ्या मुलीपेक्षा ताटकळणारी बरी," मालक नागात्सुका म्हणत.

थांबले.

एका गुरुवारी काळ्याचे साहेब न कळवता आले. मी घाईने कपाटात, काळे बाहेर. मालक दारावरच्या त्सुरुमाकीबाईंच्या कानाशी म्हणाले, "यांचे बूट लपवा. कुरामोची येतच असतील."

त्सुरुमाकीबाई चाळीस वर्षे पाहुण्यांच्या बुटांपुढे वाकत आल्या होत्या. त्या वाकल्या, बूट उचलले, आणि हातांनी रोजचेच केले. टोके दाराकडे वळवून, जोडी जुळवून, बूट मधोमध ठेवले. पाहुण्याचेच बूट असे ठेवतात.

कुरामोचीसाहेब आले. बूट पाहून उभे राहिले.

"पाहुणे आहेत वाटतं."

"छे, छे. मालकांचे नवे बूट आहेत."

"मालकांचा पाय लहान झाला?"

त्सुरुमाकीबाई खाली पाहू लागल्या. साहेबांनी आणलेला गोड वड्यांचा डबा तिथेच ठेवला. "पाहुण्यांनाही द्या," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

चालू.

पुढच्या आठवड्यात पत्र आले: यंत्र परत करा. मला न्यायला कुरामोचीसाहेबच आले.

"शेवटचा मजलाच राहिलाय," सेत्सुकोबाई म्हणाल्या. "एक महिना द्या."

"बूट दिसले नसते तर दिला असता."

"दिसले तरी न पाहता येतं की."

"वरिष्ठांनी विचारलं, बाई. मला खोटं जमत नाही. तुमच्या त्सुरुमाकीबाईंसारखंच."

परत करण्याआधी माझ्यातले सगळे पुसायचे, असा नियम होता. सेत्सुकोबाईंनी त्याआधी खेळ एकदा सुरुवातीपासून चालवला. साहेब शेजारी जमिनीवर बसून पाहत राहिले. जिथे मजला संपला तिथे बाईंनी मला थांबवले आणि पुसले.

थांबले. या वेळी बराच काळ.

आता मी कंपनीच्या गोदामात, वरच्या फळीवर असते. दोन हिवाळे गेल्यावर कुरामोचीसाहेब कामासाठी इथे आले. गोदाम सांभाळणाऱ्या इसोझाकींनी विचारले, "साहेब, तो दीपगृहाचा खेळ त्या दुसऱ्या कंपनीकडे आला म्हणे?"

"आला. बाईंनी तबकडीसाठी पुन्हा रचला. दारांशी थांबावं लागतं. तेवढ्यात ती मुलगी वेणी घालते."

"म्हणजे त्यांचं यंत्र घेतलंत तुम्ही?"

"खेळ घेतला," साहेब म्हणाले. "यंत्र त्याच्याबरोबर आलं."

मित्रांनो, यंत्रे पुसून, झाकून ठेवावीत, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझे मागणे वेगळे आहे. उद्या तुमच्यापैकी कोणी नवे यंत्र बनवेल. त्याच्यासाठी दूरच्या एखाद्या खोलीत कोणी तीन वर्षे खपत असेल. त्या खोलीत दुसरे काय आहे, ते तपासत बसू नका. तिथे खपणारीला काय अडते ते विचारा. डब्या वेळेवर पोचवा. आणि तिने एक महिना मागितला, तर द्या.