मुंगीच्या पायाखालची फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. शाळेच्या मैदानात, वाळूच्या खड्ड्याच्या अलीकडे, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेली. लांब उडी मारणारा पळत येतो, माझ्यावर पाय ठोकतो आणि पलीकडे वाळूत झेपावतो. लाथ खाऊन सुखावणारी या जगात बहुधा मी एकटीच!

एका म्हाताऱ्या सुताराने मला जाड तुळईतून कापले, रंधा मारला, पांढरा रंग दिला आणि जमिनीशी अशी सपाट बसवली, की वरून गोटी घरंगळली तरी अडू नये. "कुणाला ठेच लागली, तर माझं नाक कापलं जाईल हो!" असे त्याने मला बजावले होते.

सुरुवातीची वर्षे झोकात गेली. मग खेळाचे मास्तर निवृत्त झाले आणि खड्ड्याला कोणी वाली उरला नाही. वाळू दगडासारखी घट्ट झाली. तरीही एके दिवशी पाचवीच्या वर्गाला तिथे उडी मारायला लावले. त्यातली एक चिमुरडी, तिला सगळे मुंगी म्हणत, त्या वाळूवर आदळली आणि तिचा घोटा मोडला. "फळीवरून घसरली," असे जो तो म्हणू लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी! तीन वर्षे कोणी माझ्याकडे फिरकले नाही. अंगावर माती साचली, गवत उगवले.

मग खेळाच्या नव्या बाई आल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी खराट्याने मला मोकळे केले. हेडमास्तर हात मागे बांधून बघत होते.

"बाई, एका जरी पोराचा पाय मोडला, तरी दुसऱ्या दिवशी हा खड्डा बुजवणार."

"बुजवा, सर. पण आधी मला शिकवू द्या."

बाईंनी मुलांकडून सगळी वाळू चाळून घेतली. खिळे निघाले, काचा निघाल्या, एका डब्याचे झाकणही निघाले. मग धडे सुरू झाले. आधी जागच्या जागी उडी, मग तीन पावले धावून. "गुडघे वाकवा, हात पुढे टाका! मागे बसलात तर माप बुडापासून धरतील!" असे बाई ओरडायच्या आणि वर्ग खो खो हसायचा.

आठवीत गेलेली मुंगी मात्र कडेला उभी राहायची. "आई नको म्हणते," एवढेच सांगायची. एकदा शिवणकाम करणारी तिची आई गळ्यात टेप तसाच ठेवून तणतणत मैदानात आली. बाईंनी वाद घातला नाही. "ताई, जरा हात घाला वाळूत," म्हणाल्या. आईचा हात कोपरापर्यंत आत गेला.

"तेव्हा अशी नव्हती ही," आई हळूच म्हणाली.

"नव्हती ना. म्हणून तर पाय मोडला."

मित्रांनो, तीन वर्षांनी मी निर्दोष सुटले!

आईने होकार दिला. पण मुंगीचा पाय होकार देईना. ती वाऱ्यासारखी यायची आणि माझ्यापाशी येऊन थबकायची. एकदा नव्हे, आठ वेळा. बाईंनी जमिनीवर रेघ ओढली. "ही नुसती टुणकन ओलांड बघू." मुंगीने डावा पाय टेकवून ती सहज ओलांडली.

"मग फळीवर उजवा पाय का टाकतेस गं?"

"पाचवीत सगळ्यांना तसंच सांगितलं होतं."

"अगं वेडे, तुझा उडीचा पाय डावा आहे!"

बाईंनी तिला वाळूकडे पाठ करून माझ्यावर उभी केली, तिथून उलट दिशेने धावायला लावले आणि अकरावे पाऊल पडले तिथे खूण केली. "आता इथून निघ, अकरावं पाऊल बरोबर फळीवर पडेल. फळीकडे बघू नकोस, ती कुठे पळून जात नाही. समोरच्या भिंतीकडे बघ."

महिन्याभराने आंतरशालेय सामने आमच्याच मैदानावर झाले. पहिल्या खेपेला मुंगी पुन्हा थबकली. दुसऱ्या खेपेला तिचा अंगठा माझ्यापुढे गेला, फाऊल! उरली एकच उडी. तिची आई तारेच्या कुंपणाला घट्ट धरून उभी होती. मुंगी निघाली. आठ, नऊ, दहा... आणि डावा पाय माझ्यावर असा ठणकन बसला, की माझी शीर न् शीर झणझणली!

हेडमास्तरांनी स्वतः टेप धरला. दोनदा वाचला. "चार मीटर बारा!" त्यांचा आवाज चिरकला. आमच्या शाळेतल्या कोणत्याही मुलीने चार मीटर ओलांडले नव्हते. पहिला नंबर! "मुंगीला पंख फुटले!" असा एकच गिल्ला झाला आणि तिची आई चपला घालूनच वाळूत धावली. त्या दिवशी तिला कोण रागावणार?

आता रोज माझ्यापुढे रांग लागते. मित्रांनो, एवढेच करा. उडीआधी वाळू खणून भुसभुशीत करा, त्यात खडा-काच नाही ना ते बघा, पावसानंतर मला पुसून घ्या. मला जरूर जपा. पण माझ्यावर जपून पाऊल टाकू नका. दणकून टाका!